नीरफणसाचा चीक

वाईतोलो, सावाईई बेट
३ जून १९९६

एसेता,

माझ्या हातांनी पोर मारली असं तू ऑकलंडच्या चर्चमध्ये बायकांपुढे बोललीस. एकदा नाही, दोनदा. आपल्या पाळकबाई तुमच्याकडून परत आल्या त्या सरळ माझ्या घरी येऊन बसल्या, कोको प्यायल्या, आणखी अर्धा कप मागितला आणि मग आवाज खाली करून म्हणाल्या, "फुआतिनो, मी ऐकलं ते खरं का गं?" कोको पाजल्यावर माणसाला उठवता येत नाही, म्हणून सगळं ऐकून घेतलं. सख्ख्या बहिणीला काय म्हणायचंय ते मला परक्या बाईच्या तोंडून कळायचं.

लोसे तुझ्या पोटची, कबूल. पण दोन वर्षांची असताना तू ती माझ्या मांडीवर ठेवून विमानात बसलीस. पुढे पेपे झाली, ती तर दात यायच्या आधी पाठवलीस. दोघींच्या उवा मी काढल्या, खरजा मी धुतल्या. लोसेची कबर माझ्या दारापुढे आहे, तुझ्या नाही. मातीला तू आली नाहीस. रजा नाही म्हणालीस. इस्पितळातली नर्स, तिच्यावाचून आजारी माणसांचं अडतं, हे गावाला समजावून सांगितलं ते मीच.

आणि हात म्हणतेस तर ऐक. या गावातलं एक पोट असं नाही जे माझ्या हाताखालून गेलं नाही. बेंबी सरकली, मूल आडवं आलं, गॅस धरला, सगळे फुआतिनोकडे. तूसुद्धा आलीस, लोसेच्या वेळी. काल मुखियाची सून पोट धरून माझ्या दारावरून पुढच्या गावाला गेली. मान खाली घालून गेली, पण गेली.

मी लोसेच्या कपाळाला तेल लावलं, पाय दाबले, एवढंच. ताप उतरावा म्हणून दिल्या त्या तुझ्या गोळ्या. बिस्किटांचा डबा, वर घोड्याचं चित्र, आत चिठ्ठी तुझ्या अक्षरातली: 'तापाला दोन, दिवसातून तीनदा.' मी तशाच दिल्या, एक वेळ चुकवली नाही. इस्पितळात डॉक्टरने डबा पाहिला, गोळी बोटांत धरून उलटीपालटी केली आणि म्हणाला, "यावर नाव नाही. बहिणीला विचारून या, कसल्या आहेत त्या." मी टपालघरात पळाले. रांगेत उभी राहिले. तू फोन उचललास. मी विचारलं, "एसेता, डब्यात कसल्या गोळ्या आहेत?" आणि फोन तुटला. परत लागला नाही. दुसऱ्या दिवशी पोर गेली.

आज महिना होत आला, मी त्याच प्रश्नावर उभी आहे. कसल्या गोळ्या?

फुआतिनो


ऑकलंड
२२ जून १९९६

ताई,

पत्र मिळालं. मी शांतपणे लिहिते आहे, तूही शांतपणे वाच.

डब्यात तापाच्या गोळ्या होत्या. इथे ताप आला की सगळे त्याच घेतात. औषधाचं मला शिकवू नकोस, माझं कामच ते आहे. फोन तुटला त्याला मी काय करणार? आपल्याकडचे फोन तुटतातच.

आता तू काय लिहिलं नाहीस ते मी लिहिते. पाळकबाई तुझ्याकडे कोको प्यायच्या आधी माझ्याकडे चहा प्यायल्या होत्या. लोसेसाठी प्रार्थना करायला त्या इस्पितळात गेल्या होत्या ना? चादर बाजूला झाली तेव्हा त्यांनी तिचं पोट पाहिलं. एका बाजूला चार निळे डाग, दुसऱ्या बाजूला एक. चार बोटं आणि अंगठा. कपाळाला तेल लावताना पोटावर बोटं उमटतात का, ताई?

आणि पाळकबाई असंही म्हणाल्या की इस्पितळात नेण्याच्या आदल्या दिवशी ताप पूर्ण उतरला होता. उठून बसली होती. तुम्ही कोंबडी कापली होती. म्हणजे पोर बरी झाली होती. बऱ्या झालेल्या पोरीला काय केलंस?

दुसऱ्या कुणाच्या हातून असं झालं असतं, तर त्यांची माणसं पहाटे बारीक विणीची चटई डोक्यावर पांघरून आपल्या दारात बसली असती, आणि आपण माफ करून चटई उचलेपर्यंत उन्हात बसून राहिली असती. तू चटई घेत नाहीस, वर मलाच जाब विचारतेस.

डिसेंबरात मी पेपेला न्यायला येते. कागद करायला दिले आहेत. तिच्यासाठी कपडे शिवू नकोस, इथे मिळतात.

एसेता


वाईतोलो
१८ जुलै १९९६

एसेता,

पेपेला नेते म्हणालीस ते वाचून पत्र मी चटईखाली सारलं आणि दोन दिवस तिकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी बस पकडून इस्पितळात गेले. डॉक्टर जेवत होता. म्हणाला, "बाई, जरा थांबा." मी म्हटलं, "तुम्ही जेवा, मी बोलते. पोर कशाने मेली ते मला अडाणी बाईला कळेल असं सांगा. अवघड शब्द घातलात तर मी इथून हलणार नाही."

तो हसला नाही. विचारलं, "तुम्ही होडीच्या फटी कशाने बुजवता?"

मी म्हटलं, "नीरफणसाच्या चिकाने. आणखी कशाने बुजवणार?"

"रक्तातही तसा चीक असतो," तो म्हणाला. "बारीक बारीक कण. प्लेटलेट म्हणतात. नळीला कुठे चीर पडली की धावत जाऊन तिथे चिकटतात, एकमेकांना धरतात, भोक बुजवतात. धडधाकट पोरीच्या रक्ताच्या टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात मोजले तर दोन लाखाच्या हिशेबाने येतात. तुमच्या पोरीचे अकरा हजार आले."

"बाकीचे गेले कुठे?"

"डेंगीचा विषाणू काही थेट खातो. हाडांच्या आत जिथे ते तयार होतात तिथलं काम मंदावतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शरीराचे राखणदारच चवताळतात. गावात चोर शिरल्यावर गोंधळात गावकरी आपल्याच माणसाला झोडपतात ना, तसं. त्यात नळ्याही पाझरायला लागतात. होडीला फटी वाढतात आणि चीक संपलेला असतो."

मी म्हटलं, "पण ताप तर उतरला होता."

तेव्हा त्याने ताट बाजूला सारलं. "ताप उतरतो तेव्हाच तो चीक सगळ्यात कमी असतो, बाई. ताप उतरल्यावरचे दोन दिवस हेच धोक्याचे. तुम्ही सगळे तेव्हाच कोंबडी कापता."

ऐकलंस? पोर बरी झाली होती असं तू लिहिलंस. मलाही तेच वाटलं होतं. ती बरी झाली नव्हती. सगळ्यात वाईट वेळ तेव्हा सुरू झाली होती, आणि आम्ही तिला तंगडी वाढत होतो.

आता पोटाचं. लिहिते, कारण लिहिल्याशिवाय पुढचं विचारायचा मला हक्क नाही. जेवल्यावर ती म्हणाली, "आई, पोट दुखतंय." मला आईच म्हणायची ती, तुला माहीत आहे. मी म्हटलं, तापाने बेंबी सरकली असेल. तिला आडवी घातली, खोबरेल तेल घेतलं आणि चोळलं. दाबून चोळलं. ती म्हणाली, "पुरे." मी म्हटलं, "गप पड, बेंबी जागेवर आली की थांबते." नेहमी असंच म्हणते मी. संध्याकाळी काळी उलटी झाली. इस्पितळात डॉक्टरने डाग पाहून विचारलं, पोटाला काही लागलं का? मी म्हटलं, पायरीवरून पडली असेल. पोर जिवंत होती, शुद्धीवर होती, माझ्याकडे बघत होती, आणि मी तिच्यासमोर म्हटलं, पडली असेल.

त्याच दुपारी डॉक्टरला खरं सांगितलं. त्याने उठून हात धुतले. मग म्हणाला, "चीक नसलेल्या होडीला तुम्ही बाहेरून ठोसे मारलेत." मी विचारलं, न चोळता वाचली असती का? म्हणाला, "सांगता येत नाही. वाचलीही असती."

झालं माझं. आता तुझं. त्याने तुझी एक गोळी राजधानीला पाठवली होती, तिचं उत्तर आलंय. ती तापाची गोळीच नाही. म्हणजे मोठ्या मापात तापाला देतात कधी, पण डेंगीत तर नाहीच. ही छोटी गोळी दुबळ्या हृदयाच्या म्हाताऱ्यांना रोज एक देतात, रक्त गोठू नये म्हणून. चिकाचा चिकटपणाच घालवते ती. ज्या पोरीकडे चीक उरलेला नव्हता, तिचा जो काही थोडका होता तोही आपण बिनकामाचा केला. दिवसाला सहा. तुझी चिठ्ठी, माझा हात.

चटईखाली मी बसते, एसेता. पण कुणाच्या दारात बसू? मेलेलीचं घर माझंच आहे.

आणि मला हे सांग. अकरा वर्षांच्या पोरीला म्हाताऱ्यांची गोळी कोणती नर्स पाठवते?

फुआतिनो


ऑकलंड
११ ऑगस्ट १९९६

ताई,

मी नर्स नाही.

आता हे वाचून तू पत्र कुणाला दाखवू नकोस. मी म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात काम करते. त्यांना उठवते, धुते, भरवते, चादरी बदलते. नऊ वर्षं तेच करते आहे. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, 'आजारी माणसं सांभाळते.' त्याची नर्स तू केलीस. चर्चमध्ये उभी राहून सांगितलंस, "माझी बहीण नर्स झाली." टाळ्या वाजल्या म्हणे. नंतर प्रत्येक पत्रात कुणाचा तरी खोकला, कुणाचे सांधे, कुणाच्या पोराचा ताप. आपल्याकडे परदेशातल्या माणसाने 'नाही' म्हणायची रीत आहे का? तूच लिहायचीस, "एवढं तर पाठव, लोक काय म्हणतील."

म्हणून मी पाठवलं. आश्रमात कुणी म्हातारं माणूस गेलं की त्याच्या खोलीतल्या गोळ्या टाकून द्यायच्या असतात. मी त्या टाकल्या नाहीत. चांगल्या औषधाची नासाडी कशाला, आमच्या बेटावर कुणाला तरी होतील, असं वाटायचं. बाटल्या जड होतात म्हणून डब्यांत ओतल्या. गुलाबी एका डब्यात, पिवळ्या एका, पांढऱ्या एका. पांढऱ्या गोळ्या तापाच्या असतात हे मला पक्कं माहीत होतं. कोणी सांगितलं होतं ते आठवत नाही.

फोन तुटला नव्हता. मी ठेवला. तू विचारलंस आणि मला त्या क्षणी कळलं की मला माहीत नाही. 'माहीत नाही' असं नर्सला म्हणता येत नाही ना? पुन्हा वाजला तेव्हा मी बाथरूमचं दार लावून आत बसले. मातीसाठी तिकीटही काढलं होतं. विमानतळापर्यंत गेले. तिथे वाटलं, मी उतरल्या उतरल्या तू तो डबा पुढे करशील. घरी परत आले.

तुझ्या हातांनी मारली असं चर्चमध्ये बोलले, कारण दुसरं काही बोलायला लागले असते तर हेच निघालं असतं.

आता नीट ऐक. लोसे परत यायची नाही. तू माझ्या डब्याचं बोलू नकोस, मी पोट चोळल्याचं बोलत नाही. पाळकबाईंना मी लिहिते की माझा गैरसमज झाला होता, पोर डेंगीने गेली, देवाची मर्जी. ते खोटंही नाही. बायका पुन्हा तुझ्याकडे येतील. माझी इथली नोकरी राहील, कारण गोळ्या उचलल्या हे कळलं तर राहणार नाही. आणि पेपे तुझ्याकडेच राहू दे. कागद मी थांबवते. ती तुझीच आहे, मला माहीत आहे.

हो म्हण, ताई.

एसेता


वाईतोलो
९ सप्टेंबर १९९६

एसेता,

तुझं पत्र वाचलं आणि खरं सांगते, मी हो म्हणणार होते. चार दिवस मी हो म्हणतच होते. पेपे राहते, नाव राहतं, बायका परत येतात. डेंगीने गेली, त्यात खोटं काय? टपालघरातून पाकीटही आणलं होतं.

पाचव्या दिवशी महिला समितीची फेरी होती. दर महिन्याला घरोघर जाऊन पाणी साचलेले टायर, करवंट्या उपड्या करतो ना, ती. समितीत मला अजून ठेवलंय, करवंट्या उचलायला कोण नको म्हणेल. मुखियाच्या घरी गेलो तर फळीवर डबा. घोड्याचं चित्र. मी उघडला. पांढऱ्या. सून म्हणाली, "तुमच्या एसेताने पाठवलाय की, गेल्या नाताळात." मग मी बघतच गेले. पाच घरांत पाच डबे, एसेता. त्या पाच घरांत मिळून चौदा पोरं आहेत. मोजली मी.

सुनेला म्हटलं, "हा डबा मला दे, या गोळ्या घातक आहेत." तिने डबा पाठीमागे धरला. म्हणाली, "नर्सने पाठवलेलं औषध मालीशवालीच्या सांगण्यावरून टाकू? तुमचं काय ते माहीत आहे गावाला, मावशी. स्वतःवरचं बहिणीवर ढकलताय." बाकीच्या घरांतही तेच. एकीनेही डबा दिला नाही.

सुनेचं काय चुकलं? ती खोटं बोलली नाही. माझ्या शब्दाची किंमत तू चर्चमध्ये बसून संपवलीस, आणि तुझ्या शब्दाची मी चर्चमध्ये उभी राहून वाढवली. आता गावात चालतो तो तुझाच शब्द. म्हणून तो तुलाच परत घ्यावा लागेल. माझ्याने होत असतं तर तुला विचारलंही नसतं.

नोव्हेंबरात पाऊस लागेल. डास येतील. डॉक्टर म्हणतो, डेंगी एका वर्षाने संपत नाही, आणि दुसऱ्यांदा झाली तर पहिल्यापेक्षा वाईट होऊ शकते.

घरी आले तर पेपे लोसेच्या कबरीवर बसून पोरांच्या रविवारी चर्चमध्ये म्हणायची बायबलची ओळ पाठ करत होती. लोसेला दिली होती तीच ओळ, तिने पाळकबाईंकडून मागून घेतलीय. मला बघून थांबली आणि विचारलं, "आई, मला ताप आला आणि उतरला, तर तू माझं पोट चोळशील?"

मी म्हटलं, "नाही."

"आणि पांढरी गोळी?"

"नाही."

म्हणाली, "मग काय करशील?"

मी म्हटलं, "पाणी पाजेन, नारळाचं पाणी पाजेन, इस्पितळात नेईन, आणि ताप उतरला तरी तिथून हलणार नाही." ती पुन्हा ओळ पाठ करायला लागली. सात वर्षांची आहे. तिचा विश्वास बसला की नाही ते मला कळलं नाही. एकटीला झोपायला भिते, पण हल्ली माझ्याजवळ झोपत नाही, पाठ करून भिंतीशी झोपते.

तेव्हा तुझी अट परत घे. पेपेचं आमिष मला दाखवू नकोस. तुला न्यायची असेल तर ने, मी दारात आडवी येणार नाही. रडेन, ते माझं मी बघेन. पण त्या पाच डब्यांबद्दल गप्प बसण्याच्या बदल्यात ती माझ्याकडे राहायला नको.

कुणाच्या दारात बसू, असं मी तुला विचारलं होतं. मला सापडलंय. आपल्याच दारात. कबर दारापुढेच आहे. पोरांच्या रविवारी, १३ ऑक्टोबरला, पांढरे कपडे घालून पोरं चर्चला निघायच्या आधी, पहाटे, मी चटई पांघरून लोसेसमोर बसणार. आजीने विणलेली, लग्नातसुद्धा बाहेर न काढलेली चटई काढून ठेवली आहे. दोघी मावतील एवढी आहे. तू आलीस तर तिच्याखाली माझ्या शेजारी बसशील. गाव गोळा होईल, ते होतंच. मी पोटाचं सांगेन, पायरीवरून पडली म्हणाले ते सांगेन. तू डब्याचं सांगशील, फोन ठेवलास ते सांगशील, नर्स नाहीस ते सांगशील. चटई उचलायची की नाही ते पेपे ठरवेल. मेलेलीच्या बाजूचं तेवढं एकच माणूस उरलंय. तिने नाही उचलली तर आपण बसून राहू. मी तिला काहीही शिकवलेलं नाही, तूही पत्रातून शिकवू नकोस.

तू आली नाहीस तरी मी बसणार आहे, आणि माझं आणि तुझं दोन्ही मीच सांगणार आहे. नोकरी जाईल तर जाऊ दे. माझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, हे मला माहीत आहे. मग मी ते डबे घरात घुसून उचलीन. गावाने दंड म्हणून डुकरं मागितली तर डुकरं देईन, गावाबाहेर काढलं तर जाईन. पण तू तोंडाने सांगितलंस तर त्या बायका डबे आपणहून आणून देतील. एवढंच काम आहे तुझं. नऊ वर्षं या गावासाठी पाठवत आलीस, आता हे एक पाठव. स्वतःला पाठव.

टपालाची बोट शनिवारी येते. ५ ऑक्टोबर. मी धक्क्यावर उभी असेन. मोठं पत्र नको, माझ्याने आता वाचवत नाही. येते किंवा येत नाही, एवढंच लिही. पण त्या शनिवारी उत्तर माझ्या हातात पाहिजे.

फुआतिनो